मीठदाणीच्या तळावरच्या रेषा

१

दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, सकाळी दहा वाजता, आमच्या चर्चच्या तळघरात मी आणि डेल्बर्ट योहो एका लांब टेबलामागे बसतो. लोक घरातली जुनी काच घेऊन येतात आणि आम्ही ती ओळखून देतो. बहुतेक मीठदाण्या आणि मिरीदाण्याच येतात. बशा फुटतात, पेले फुटतात. मीठदाणी मात्र टेबलाच्या मध्यावर असते, तिला कोपराचा धक्का लागत नाही. ती माणसांहून जास्त टिकते.

ओहायो नदीच्या या काठावर ऐंशी वर्षे काच साच्यात दाबली गेली. कारखाना बंद पडून आता एकोणीस वर्षे झाली. डेल्बर्ट तिथे साचे कोरत असे. त्याची नजर अधू झाली आहे, पण बोटे शाबूत आहेत. माझा नवरा वेंडेल किमेल तिथे दट्ट्यावर होता. साच्यात पडलेल्या तापल्या काचेवर दट्ट्या ओढून तिला आकार देणे हे त्याचे काम. मी पस्तीस वर्षे शाळेत अंकगणित शिकवले. काच मी वेंडेलकडून शिकले.

ओळखण्याची रीत ठरलेली आहे. आधी करंगळी आत घालायची. आतली भिंत गुळगुळीत लागली तर काच दाबलेली. बाहेरच्या नक्षीबरोबर आतही उंचसखल लागली तर फुंकलेली. मग साच्याच्या शिवणी मोजायच्या. मग झाकण उलटे करून पाहायचे, कारण मीठ धातूला खाते, मिरी खात नाही. शेवटी तळ. रोज उचलून ठेवलेल्या काचेच्या तळावर बारीक ओरखडे सर्व दिशांना विखुरलेले असतात. नवी काच जुनी म्हणून खपवणारा मनुष्य तळ वाळूच्या कागदावर घासतो. त्याच्या रेषा एकाच वळणाच्या पडतात. तळ खोटे बोलत नाही, असे मी लोकांना सांगत आले.

या टेबलावर आम्हीही खोटे बोलायचे नाही, समाधानासाठीसुद्धा नाही, हा नियम मी घातला.

त्या ऑक्टोबरातल्या शनिवारी पहिल्या आल्या मिसेस हप. त्यांनी दोन दाण्या रुमालातून काढल्या.

“माझ्या पणजीच्या या. वॅगनमधून डोंगर ओलांडून आली ना ती, तेव्हा मांडीवर घेऊन बसली होती.”

डेल्बर्टने शिवणीवरून अंगठा फिरवला. “त्या वॅगनला रेडिओ होता का हो?”

“म्हणजे?”

“म्हणजे काच चाळीस वर्षांची आहे,” मी म्हणाले. “पणजीची नव्हे.”

“झाकणं मात्र खरंच जुनी हं,” डेल्बर्ट म्हणाला. “अंग नवं, टोपी जुनी. आमच्या धंद्यात याला लग्न लावलं म्हणतात.”

“माझं तिसरं लग्न असंच होतं,” मिसेस हप म्हणाल्या आणि दाण्या रुमालात गुंडाळून आनंदाने निघून गेल्या.

दुपारी सर्वांनी आणलेले अन्न एकत्र वाढले जाते. मी बटाट्याचे सॅलड नेते.

“वहिनी,” डेल्बर्ट पहिल्या घासालाच म्हणाला, “हे खाल्लं की पश्चात्ताप आपोआप होतो. पाद्रीसाहेबांना प्रवचनाची गरजच नाही. मीठ महाग झालंय का?”

सगळे हसले. सॅलड अळणी का असते ते माझ्यात आणि देवात होते.

२

दोन वाजता ट्वायला सिसन आली. एके काळी माझी विद्यार्थिनी. आता चाळिशीची, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. खालच्या आळीत, रेल्वेच्या रुळांना लागून राहते. तिने पुसण्याच्या फडक्यातून एकच दाणी काढून माझ्यापुढे ठेवली.

“बाई, ही दोन वर्षांपूर्वी इथल्याच जुन्या वस्तूंच्या विक्रीत मिळाली. एकटीच होती बिचारी. हिची जोडीदार कुठे मिळेल का, बघायचं होतं.”

मला करंगळी आत घालावी लागली नाही. ती पेंढीच्या नक्षीची मीठदाणी होती: कमरेला कडे, आणि भोवती गव्हाच्या सहा उभ्या पेंढ्या. तिसऱ्या पेंढीतली एक काडी मध्येच तुटलेली. साच्याचा एवढा टवका उडाल्यावर ज्या थोड्या दाण्या निघाल्या, त्यांतली ही. वेंडेलच्या आईची. सदतीस वर्षे माझ्या घरात होती. विक्रीच्या खोक्यात ती मीच ठेवली होती, नाव न लिहिता, वेंडेलला मूठमाती दिल्याच्या दुसऱ्या आठवड्यात.

तिची जोडीदार माझ्या घरी होती. मी हे बोलले नाही. जोडी मोडू नये असे लोकांना सांगणारी मी. माझी जोडी मीच मोडली होती.

मी दाणी उलटी केली.

आमच्या घरच्या टेबलावर मेणकापड असते, त्यामुळे तिचा तळ जवळजवळ कोरा होता. मी तो स्वतः पाहून वहीत तसे नोंदवले होते. आता त्या तळावर शेकडो रेषा होत्या. ताज्या, पांढऱ्या, सगळ्या एकाच वळणाच्या, विळ्याच्या पात्यासारख्या.

“ट्वायला,” मी म्हणाले, “तू हिचा तळ घासलास.”

“काय?”

“जुनी दिसावी म्हणून घासलास. काच मुळातच जुनी होती, त्याची गरज नव्हती. या रेषा कशाच्या असतात ते मी शाळकरी पोरांनाही सांगते.”

आजूबाजूच्या खुर्च्या आमच्याकडे वळल्या. डेल्बर्टने दाणी माझ्या हातातून घेतली, तळावरून बोट फिरवले, आणि ती खाली ठेवली.

ट्वायलाचे कान लाल झाले. “बाई, मी हिच्यात मीठसुद्धा भरलं नाही कधी. खिडकीत ठेवलीय नुसती.”

“खिडकीत ठेवलेल्या काचेला अशा रेषा पडत नाहीत.”

“नाही ना? मग ठेवा तुमच्याकडेच.” तिने फडके उचलले. “लबाड म्हणवून घेऊन परत न्यायची हौस नाही मला. सातवीत शून्य दिलंत तेव्हासुद्धा इतक्या लोकांदेखत नव्हतं दिलं.”

ती पायऱ्या चढून गेली. मी खरे बोलले होते अशी माझी खात्री होती. तरी अर्धे खरे मी पोटात ठेवले होते, आणि अर्धे खरे सांगणाऱ्याला उरलेल्या अर्ध्याचा जाब द्यावा लागतो.

३

माझे घर टेकडीवर आहे. स्वयंपाकघरात चौकोनी टेबल, त्यावर फ्लॅनेलच्या अस्तराचे निळ्या चौकड्यांचे मेणकापड, दोन खुर्च्या. खिडकीजवळची वेंडेलची. त्याच्या खुर्चीसमोर मिरीदाणी अजून उभी असते. मी मीठदाणी रविवारी संध्याकाळपर्यंत पिशवीतच ठेवली, मग मिरीदाणीशेजारी मांडली. दुसरी जागा मला सुचली नाही.

अकरा वर्षांपूर्वी वेंडेलचे हृदय सुजू लागले आणि डॉक्टरांनी मीठ बंद केले. मी मीठदाणी रिकामी केली, धुतली, आणि कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. नऊ वर्षे ती तिथे होती. त्याला दिसे, पण हाताला लागत नसे. वेंडेलने कधी तक्रार केली नाही. पाहुणे आले की म्हणे, “आमच्याकडे मीठ संग्रहालयात आहे.”

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात बागेतला पहिला टोमॅटो पिकला. मी त्याच्या चकत्या करून त्याच्यापुढे ठेवल्या.

“एक चिमूट, अर्डिथ,” तो म्हणाला. “पहिला आहे.”

“नाही.”

“एकच चकती. बाकीच्या अळणी खातो.”

“नाही म्हटलं ना.”

“बरं, बाई,” तो म्हणाला, आणि सगळ्या चकत्या अळणी खाल्ल्या. चौथ्या दिवशी बागेच्या फाटकापाशी त्याने प्राण सोडला.

मी बरोबर होते. डॉक्टरांची आज्ञा होती आणि ती पाळणे माझे कर्तव्य होते. तरीही त्या दिवसापासून मी माझ्या अन्नात मीठ घातलेले नाही. बरोबर असलेल्या माणसाने शिक्षा कशासाठी भोगावी, याचे उत्तर मला देता आले नसते. म्हणून मी हे कुणाला सांगितले नाही. मला एवढेच जाणून घ्यायचे होते की, त्या चकत्या खाताना तो मनातून रागावला होता का. असे प्रश्न ज्याला विचारायचे तो उरत नाही, तेव्हाच ते सुचतात.

मी सकाळी सात वाजता न्याहारीला बसते. रविवारी साडेसात. डोळे मिटून, हात जोडून, माझ्या वडिलांनी शिकवलेली प्रार्थना पूर्ण म्हणते. ती लांब आहे. वेंडेलला ती नेहमीच लांब वाटे. “अगं, अंडं थंड होतं,” तो म्हणे. “देव नाही होत.”

त्या सोमवारी मी प्रार्थनेच्या मध्यावर होते, तेव्हा सर्र असा आवाज झाला. मेणकापडावरून काच ओढली जावी तसा.

आमेन म्हणून मी डोळे उघडले. मीठदाणी मिरीदाणीजवळ नव्हती. ती वीतभर पुढे, टेबलाच्या मध्याशी उभी होती.

खाली रुळांवरून सातची कोळशाची गाडी जात होती. कपाटातल्या बशा किणकिणत होत्या. मी स्वतःला म्हटले, गाडी. आणि अंडे खाल्ले.

४

मी गणित शिकवले आहे. शंका आली की मोजावे, भिऊ नये.

मंगळवारी मी टेबलावर काचेची गोटी ठेवली. ती हलली नाही; टेबल सपाट होते. मी मेणकापड पुसून कोरडे केले, मिरीदाणी आणि मीठदाणी दोन्हींभोवती पेन्सिलीने वर्तुळे काढली. गाडी आली. प्रार्थना झाली. मिरीदाणी आपल्या वर्तुळात होती. मीठदाणी वीतभर पुढे होती.

बुधवारी तसेच. गुरुवारी तसेच. रोज मी ती परत वेंडेलच्या खुर्चीसमोर ठेवी, रोज ती माझ्या दिशेने येई.

रविवारी कोळशाची गाडी नसते. साडेसात वाजता स्वयंपाकघर इतके शांत होते की घड्याळाचा लंबक मला दुसऱ्या खोलीतून ऐकू येत होता. मी प्रार्थना सुरू केली. सर्र.

रिकामी मीठदाणी घरच्या बाईकडे कुणी सरकवली तर तिचा एकच अर्थ असतो. भर, असे तो सांगत असतो. मी नाही म्हटले होते, आणि ते नाही त्याला अजून पोचले नव्हते. किंवा पोचले होते, आणि म्हणूनच हे चालले होते.

डोळे उघडून पाहावे असे मला वाटले नाही असे नाही. पण चाळीस वर्षे मी रविवारच्या वर्गात मुलांना शिकवले की प्रार्थनेत डोळे उघडून बघणारा प्रार्थना करतच नसतो. शिवाय मृतांचा माग काढण्याची आम्हाला मनाई आहे. ती मनाई प्रेमळ आहे हे मला त्या आठवड्यात समजले.

पुढच्या सोमवारी, आयुष्यात पहिल्यांदा, मी प्रार्थना न म्हणता काटा उचलला.

काही हलले नाही. दाणी आपल्या जागी राहिली. गाडी आली आणि गेली. मला हायसे वाटायला हवे होते. पण त्या सकाळी मी जितकी भ्याले तितकी आधी कधी भ्याले नव्हते. गाडी असूनही काही हलले नव्हते. आणि खोलीतली शांतता रिकामी नव्हती. समोरच्या खुर्चीवर कुणीतरी मान खाली घालून बसले आहे आणि मी केव्हा सुरू करते याची वाट पाहत आहे, अशी ती शांतता होती. वाट पाहणे चिवट होते. अंडे तसेच टाकून मी कोट चढवला.

५

डेल्बर्ट ओसरीवर बसून सफरचंद सोलत होता. मी मीठदाणी त्याच्या हातात दिली.

“आता आणलीत होय,” तो म्हणाला. “मला वाटलं, पुढच्या महिन्यातल्या शनिवारपर्यंत छळणार स्वतःला.”

“तळ नीट बघ.”

“बघितलाय. त्या दिवशीच.” त्याने अंगठ्याचे नख एका रेषेवरून नेले. “वाळूचा कागद रेघ काढतो ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी. ही बघा, इथे खोल सुरू होते, पुढे पातळ होत जाते, मग संपते. प्रत्येक रेघ तशीच. हे घासलेलं नाही, वहिनी. हे ढकललेलं आहे. जड हाताने, रोज, एकाच बाजूला.”

“आणि वळण?”

“मनगट वळत नसेल तर हात कोपरातून फिरतो. मग वळण पडणारच.” त्याने सफरचंदाची साल खाली टाकली. “कारखान्यात डबा खायला बसायचो तेव्हा वेंडेलला आम्ही हसायचो. मीठ मागितलं की उचलून द्यायचा नाही कधी. तळहाताच्या बुडाने ढकलायचा, असं, बाजेवरून मांजर ढकलावी तसं.”

वेंडेलचा उजवा हात एकोणीसशे अठ्ठावन्न साली दट्ट्याखाली भाजला होता. मनगट आखडले, शेवटची दोन बोटे आत वळून राहिली. छोटी गोल वस्तू त्याला धरता येत नसे. सदतीस वर्षे मी त्या हातासमोर जेवले होते आणि तळावरच्या रेषा पाहून मला तो आठवला नव्हता.

“दाणी कुणाची ते तू ओळखलंस,” मी म्हणाले.

“तुटक्या काडीचा साचा माझ्याच हातून पडला होता. ओळखणार नाही?”

“मग शनिवारी बोलला का नाहीस?”

“तुम्ही गप्प बसलात म्हणून.” त्याने मला सफरचंदाची फोड दिली. “त्या पोरीला मात्र लबाड म्हणू नये होतं. ते तुमच्याच नियमात बसत नाही.”

दोन वर्षांपूर्वी मेलेला मनुष्य दोन वर्षे ताज्या रेषा कसा काढील, हे त्याने विचारले नाही. मीही तो विषय काढला नाही. फोड आंबट होती.

६

ट्वायलाने दार अर्धेच उघडले.

“मी चुकले,” मी म्हणाले. “तू काही घासलं नव्हतंस. ही दाणी माझी होती, आणि ते मी त्या दिवशी लपवलं. पुढच्या महिन्यातल्या शनिवारी सगळ्यांसमोर हेच सांगेन. आज फक्त तुझी क्षमा मागायला आलेय.”

तिने दार पूर्ण उघडले.

“या आत. पाय पुसा हं, आत्ताच फरशी पुसलीय.” आणि मी पाय पुसत असताना, “बाई, तुम्हीच शिकवलंत, उत्तर चुकलं तर पायऱ्या तपासायच्या. निदान विचारायचं तरी होतं मला.”

“हो. विचारायला हवं होतं.”

“झालं तर मग. कॉफी घेणार?”

स्वयंपाकघरात खिडकीचा कठडा काळ्या पाटीच्या दगडाचा होता. त्यावर विळ्याच्या आकाराचा एक फिकट पट्टा उमटला होता, वीतभर लांबीचा. मी त्यावरून बोट फिरवले.

“ती इथे ठेवायचे मी,” ट्वायला म्हणाली. “रोज सकाळी इथून तिथे गेलेली असायची. मी परत आणून ठेवायचे. आमचे हे म्हणतात, गाडीने घर हलतं.”

“सातच्या?”

“सातच्या. रविवारी मात्र साडेसात.” ती हसली. “मी म्हटलं त्यांना, रविवारी गाडी कुठे असते? तर म्हणतात, रविवारी तुझं डोकं हलतं.”

मी कप खाली ठेवला.

“भीती नाही वाटली तुला?”

“पहिले काही दिवस वाटली. मग सवय झाली. त्रास काहीच नव्हता हो. नेहमी त्याच बाजूला जायची.” तिने खिडकीतून बोट दाखवले. रुळांपलीकडे टेकडी होती, टेकडीवर उघडी पडलेली झाडे, आणि झाडांमधून माझ्या स्वयंपाकघराची चिमणी. “मी म्हणायचे तिला, जा गं बाई, जिकडे जायचंय तिकडे. म्हणूनच जोडीदार शोधायला आणली तुमच्याकडे.”

मी दाणी तिच्यापुढे धरली. ती तिच्या पैशांनी घेतलेली होती.

“नको,” ट्वायला म्हणाली. “घरी पोचलीय ती. राहू दे.”

७

पहिल्या कडक थंडीआधी आम्ही हिरवे टोमॅटो उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि तळघरात ठेवतो. कुणी नोव्हेंबरात पिकतो, कुणी कधीच नाही. मंगळवारी पहाटे मी कागद उलगडत गेले. एक लाल निघाला.

मी दोन ताटल्या मांडल्या. हे योग्य की अयोग्य, यावर मी आदल्या संध्याकाळी गुडघे टेकून बराच वेळ घालवला होता. मृतांना जेवू घालणे आमच्यात नाही. पण ज्याला नाही म्हटले तो पुन्हा दारी आला तर दार उघडू नये, असेही कुठे सांगितलेले नाही. प्रत्येक ताटलीत एक अंडे, टोस्ट, आणि टोमॅटोच्या चकत्या ठेवल्या. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या डब्यातले मीठ मी मीठदाणीत भरले. अकरा वर्षांनी त्या काचेत मीठ पडले. त्याचा आवाज बारीक वाळूसारखा होता. झाकण लावून मी ती वेंडेलच्या ताटलीला चिकटून ठेवली.

“घे,” मी म्हणाले. “पहिला नाही, शेवटचा आहे. पण घे.”

मला वाटले होते, आता ती तिथेच राहील. मागितले ते मिळाले.

सात वाजले. मी डोळे मिटून हात जोडले. गाडीचा थरकाप जमिनीतून आला, बशा किणकिणल्या, आणि मी वडिलांची प्रार्थना सुरू केली. कृतज्ञतेपर्यंत आले तेव्हा आवाज झाला.

सर्र.

मी थांबले नाही. आवाजही थांबला नाही. तो वीतभर येऊन संपला नाही. भरलेल्या दाणीचा जड, दमदार आवाज टेबलाचा मध्य ओलांडून पुढे येत राहिला. येणारी वस्तू काय आहे ते मला माहीत होते, आणि तिच्यामागे काय आहे ते माहीत नव्हते. शब्द माझ्या तोंडातून निघत होते, पण ते मी म्हणत नव्हते.

मग काहीतरी गार आणि गोल माझ्या जोडलेल्या हातांच्या बोटांना अलगद टेकले.

मी डोळे उघडले. मुलांनो, मी डोळे उघडले.

खुर्ची रिकामी होती. मीठदाणी माझ्या हातापाशी होती. तिच्या मागे, मेणकापडाच्या निळ्या चौकड्यांवर, अस्तर दाबले जाऊन पडलेले खळगे होते: एक तळहाताच्या बुडाचा, आणि त्यापुढे दोन बोटांच्या टोकांचे. दोनच बोटे. उरलेल्या, आखडलेल्या दोन बोटांची जागा सपाट होती. मी पाहत असतानाच खळगे हळूहळू वर आले, हात उचलल्यावर येतात तसे, आणि कापड सारखे झाले.

त्या क्षणी मला मीठ बंद होण्याआधीचा, वर्षानुवर्षांचा एक आवाज आठवला, ज्यावरून मी त्याला शेकडो वेळा रागावले होते. प्रार्थना चालू असताना मीठदाणी सरकवण्याचा. “प्रार्थनेत हालचाल कसली करतोस?” मी विचारी. तो काही बोलत नसे. माझे आमेन होई आणि मीठ माझ्या हाताशी असे. त्याने स्वतः आधी घेतले असे एकदाही झाले नाही.

मी तळ उलटा वाचला होता. रेषा खोल सुरू होत होत्या त्याच्या बाजूने, आणि पातळ होत होत्या माझ्या बाजूला. तो मागत नव्हता.

टेकडीवर एक बाई दोन वर्षे अळणी खाते हे गावात कुणालाच माहीत नव्हते. एकाला होते.

मी मीठदाणी उचलली. एका अंगाने ती कोमट होती. मी माझ्या चकत्यांवर मीठ घातले. थोडे जास्तच पडले. मग प्रार्थना मध्येच तुटली आहे हे ध्यानात आले. मी दाणी खाली ठेवली, पुन्हा डोळे मिटले, आणि जिथे सोडली होती तिथून पुढे म्हटली.

या वेळी मी ती लवकर आटोपली. दोन्ही अंडी थंड होत होती.